अनुकूल बाजू

चिठ्ठीत तुला अनुकूल बाजू निघाली, हेमल.
विषय: बलाढ्य राष्ट्राने परदेशात फौज धाडावी काय.
धुळ्याला स्पर्धा, बोलायला सात मिनिटं,
आणि मुद्दे मागायला तू आलीस माझ्याकडे,
कारण घरात परदेशी जाऊन आलेला मी एकटाच,
तोही बिनपासपोर्टचा, खांद्यावर रायफल.

बस. आधी कपाशीच्या काड्या मोड.
वांगी भाजता भाजता सांगतो.

पलालीच्या धावपट्टीवर उतरलो
तेव्हा गळ्यात हार पडले, हे लिही.
एका पोराने शहाळं सोलून हातात दिलं.
मला वाटलं, अमळनेर स्टेशनातच उतरलोय.
दहा आठवड्यांनी त्याच रस्त्यावर
बुटांचा आवाज ओळखून दारं मिटायला लागली.
मधल्या दहा आठवड्यांत काय झालं
त्याचे कागद दिल्लीत असतील.
माझ्याकडे एक किल्ली आहे.

आमची चौकी ज्या घरात होती, त्या घराची.
अंगणात शेवगा, आपल्यासारखाच, शेंगांनी वाकलेला.
नकाशात घराला नंबर होता. शेवग्याला नव्हता.
म्हातारी उंबऱ्यात उभी राहून काही बोलली.
तमिळ मला ओ की ठो कळत नव्हतं,
पण कानाला नीट ऐकू आलं, आपल्या अहिराणीत:
'तुले कोनी बलायं रे भाऊ?'
मीही अहिराणीतच म्हणालो,
'माय, तुना सरकारनी.'
ती हसली नाही. किल्ली हातावर ठेवली
आणि बोचकं घेऊन चालू लागली.

चाळीसगावचा हिलाल विहिरीवर पाणी शेंदायला गेला,
ताडपत्रीत परत आला.
सुट्टीत त्याच्या घरी गेलो.
बापाने विचारलं, कोणासाठी गेला माझा पोरगा?
मी म्हणालो, शांतीसाठी.
म्हातारा कानाने अधू.
'कोन शांती?' म्हणाला.

पेन खाली ठेवलंस. म्हणतेस,
मग तर प्रतिकूल बाजूच खरी, आबा.
थांब. एवढी घाई सेनापतींना शोभते.

ती वांगी फिरव, एका अंगाने करपतील.

फौजेत जायच्या आधीची गोष्ट.
आपल्याच गल्लीत, बोरीकडच्या टोकाला,
झिपरू मिस्तरीच्या घरातून रात्री किंकाळी आली.
ओट्यावर आम्ही चौघं, दंडाचे गडी.
एक म्हणाला, नवराबायकोची बाब.
एक म्हणाला, पोलीस पाटलाला विचारू.
आतून कडी. दार आंब्याच्या फळ्यांचं,
एका लाथेचं काम.
सकाळी ते पोलिसांनी उघडलं.
तिचं नाव सुभद्रा.
हे लिही तुझ्या अनुकूल बाजूत,
पहिल्या ओळीत लिही.

आणि तोडलं असतं दार, तर?
झिपरूला धरून बाहेर काढलं असतं.
मग त्याच्याच ओट्यावर बसलो असतो, राखणीला,
आज रात्र, उद्या रात्र, दिवाळीपर्यंत,
चहा तिच्याकडूनच मागत,
कोण आलं कोण गेलं तिलाच विचारत.
तिच्या लेकराने आम्हाला
काय म्हणून हाक मारली असती, सांग.

कधी जावं, विचारतेस.
किंकाळी ऐकली की जावं, पोरी, त्यात काय विचारायचं.
पण किंकाळी दिल्लीला पोचेपर्यंत
तिच्यात किती जणांचे आवाज मिसळलेले असतात,
आणि त्यातले काही आपल्याच घशातले.
याच्यापुढचं मला येत नाही.
मी हवालदार होतो.

*

काल तू रात्रीच्या एसटीने परतलीस. नंबर नाही.
परीक्षक म्हणाले, भाषा चांगली,
बाजू स्पष्ट नव्हती.
ओढणीच्या टोकाला बांधून नेलेली किल्ली
सोडून माझ्या हातात दिलीस,
आणि हात धुता धुता सहज विचारलंस,
आबा, निघताना कुलूप लावलं होतं का त्या घराला?

कुलूप कशाला लावू.
दार आम्ही काढून बंकरवर टाकलं होतं,
वाळूच्या पोत्यांखाली,
पहिल्याच आठवड्यात.